दारातला पाय

मंडळाच्या बाई चार वाजता येणार होत्या आणि सकाळपासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. म्हणजे बोलत सगळेच होते, ऐकत कोणी नव्हतं.

भांडण पुढच्या दारावरून होतं.

पायलट आळीतली घरं सगळी समुद्राकडे तोंड करून, फोटो काढायला उभी राहिल्यासारखी खांद्याला खांदा लावून उभी होती. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना वाट दाखवणारे पायलट पूर्वी तिथे राहत. त्यातल्या या घराची एक रीत होती. लग्न होऊन बाहेरून जो कोणी इथे राहायला येईल, सून असो की जावई, त्याने पुढच्या दाराला बाहेरून आपल्या आवडीचा रंग द्यायचा. रंग वाळला की माणूस घरचं झालं. तोवर पाहुणं. जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा चढवायचा, आणि तोही बंदरात उरलेला जहाजांचा रंग, डांबरासारखा घट्ट. पिढ्यान् पिढ्या हे चालल्यावर दार असं फुगलं होतं की चौकटीत मावेना. ते लावायला आतून लाथच घालावी लागे. कप्तान घरात शिरले की त्या लाथेचा आवाज आळीच्या टोकापर्यंत जाई, आणि शेजारी म्हणत, आले वाटतं.

कप्तान म्हणजे घरातले थोरले. खरे कप्तान ते कधीच नव्हते, पायलट होते. दुसऱ्यांच्या जहाजावर चढायचं, त्यांच्या कप्तानावर ओरडायचं आणि खाली उतरायचं, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर ओरडायला जहाजं उरली नाहीत, म्हणून त्यांनी घर हाती घेतलं होतं.

“खरवडायचं म्हणजे खरवडायचं,” ते म्हणाले. “तळाला निळा दाखवला की पाटी आपली. विषय संपला.”

विषय संपला असं ते म्हणाले की तो सुरू होई, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. ते उठून बाहेर गेलं.

पाटीचं प्रकरण गेले काही महिने घर पोखरत होतं. बंदराचा रस्ता रुंद होणार होता आणि नकाशावरची एक लाल रेघ आळीतल्या सगळ्या घरांच्या पुढच्या खोल्यांमधून गेली होती. ज्या घराला जुन्या घरांच्या मंडळाची पितळी पाटी लागेल, त्याला रस्ता वळसा घालणार. शेजारच्यांना ती मिळालीसुद्धा. कोणी एक मोठा गवई दाढ दुखते म्हणून त्यांच्या माडीवर एक दुपार पडून होता, एवढ्या पुण्याईवर. या घराबद्दल बाईंनी सांगितलं होतं की पायलट आळीची दारं मुळात निळी असत, होडीतून परतणाऱ्याला लांबून आपली आळी ओळखू यावी म्हणून. तुमच्या दाराच्या तळाशी तो निळा निघाला तर घर मूळचं, पाटी नक्की. मात्र पाटी लागल्यावर त्या दाराला पुन्हा कधीही रंग द्यायचा नाही.

आणि नेमकं परवा कप्तानांच्या लेकीचं लग्न होतं.

लेकीला सगळे ठेंगी म्हणत. फेरीबोटीच्या तिकिटाच्या खिडकीत ती उशीवर बसून काम करी आणि उशी काढली की गिऱ्हाइकांना नुसता आवाज ऐकू येई. तिचा होणारा नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. लग्नानंतर दोघं इथेच, माडीवरच्या मागच्या खोलीत राहणार होते. त्याचा पिवळ्या रंगाचा डबा जिन्याखाली येऊन बसला होता आणि येणारा जाणारा त्याला ठेचकाळत होता.

“बाबा, आज अर्ज, उद्या पाटी, परवा लग्न,” ठेंगी म्हणाली. “मग ह्यानं रंग द्यायचा कधी?”

“नाही द्यायचा. कोणीतरी पहिला असतोच.”

“पहिला कसला? ह्या घरात राहून पाहुणा राहिलेला पहिला माणूस?”

“अगं, चांगलंय की,” कप्तान म्हणाले. “पाहुण्यांना चहा आधी मिळतो.”

लिफ्टवाला जिन्याच्या पायरीवर बसून हसला, कारण त्याला वाटलं हसायचं असतं. ठेंगीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हसू अर्ध्यावर थांबवलं, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टसारखं.

थोरली, म्हणजे कप्तानांची बायको, या भांडणात कोणाच्याच बाजूला नव्हती. तिची स्वतःचीच एक बाजू होती.

“खरवडा, माझी ना नाही. पण माझ्या हिरव्यापर्यंत आलात की थांबायचं. तो हिरवा कसा बसलाय बघा. इतका जाड हात ह्या घरात कोणाचा नव्हता. सासूबाई स्वतः म्हणाल्या होत्या, पोरीनं दार नाही, नाव रंगवलीय.”

“हिरव्याला थांबलं तर निळा कसा दिसणार?” कप्तानांनी विचारलं.

“ते तुम्ही बघा. जहाजं आणता ना खडकांतून?”

धाकटीचा जीव वेगळ्याच कारणाने वरखाली होत होता. धाकटी म्हणजे कप्तानांच्या धाकट्या भावाची बायको. दारावरचा सगळ्यात वरचा नारिंगी तिचा. खरवडायला सुरुवात तिच्यापासूनच होणार. “जाऊबाई, तुमचा आत दडलाय, तुम्हाला काय. पहिला विळा माझ्यावर!” असं म्हणून ती सकाळी ठेंगीच्या बाजूला गेली होती. मग कप्तानांनी सांगितलं की पाटी नाही मिळाली तर पुढची खोली जाईल आणि तिच्या नवऱ्याचं शिलाईचं मशीन रस्त्यावर येईल, तेव्हा ती परत कप्तानांच्या बाजूला आली. आता ती खिडकीत उभी होती, कारण खिडकी दोन्ही बाजूंना सारखीच जवळ होती.

आणि तिचा नवरा, ज्याच्या मशीनसाठी हे सगळं चाललं होतं तो ताडपत्रीकाका, सकाळपासून विचित्र वागत होता.

*

ताडपत्रीकाकाला घाम फुटला होता.

पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. दुकानांवरच्या कनाती, होड्यांवरची आवरणं, ताडपत्र्या तो शिवायचा. खारा वारा आत येऊ नये म्हणून फार पूर्वी त्यानेच दाराला आतून एक जाड ताडपत्री ठोकली होती. आज पाहुणे येणार, दार जरा पुरातन दिसावं म्हणून सकाळी सगळे उठायच्या आत त्याने ती काढायला घेतली.

पहिला खिळा निघाला आणि आतून भुसा आला.

दुसरा खिळा निघाला आणि बादलीभर भुसा आला.

ताडपत्री पूर्ण खाली आली तेव्हा ताडपत्रीकाका एका ढिगात उभा होता आणि त्याच्यासमोर दार नव्हतं. चौकट होती, आडव्या उभ्या पट्ट्या होत्या, त्या टणक लाकडाच्या होत्या. पण मधल्या फळ्या वाळवीने आरामात, घरच्यासारख्या बसून, पूर्ण खाल्ल्या होत्या. उरला होता तो बाहेरचा रंग. एकावर एक चढलेल्या रंगांचा, बोटभर जाडीचा नुसता पापुद्रा. तोच इतकी वर्षं दार म्हणून उभा होता. आणि मागच्या बाजूने त्या पापुद्र्याचा तळ दिसत होता, लाकडाच्या रेषा उमटलेला, निळा.

कोणत्याही शहाण्या माणसाने आरडाओरडा करून सगळ्यांना उठवलं असतं. ताडपत्रीकाका शहाणा होता, पण त्याच्या डोळ्यांपुढे दादा उभा राहिला आणि दादाचा पहिला प्रश्न ऐकू आला: ताडपत्री कोणी ठोकली होती? हवा कोंडली कोणी? वाळवीला अंधार कोणी करून दिला? त्याने भुसा मागच्या कुंड्यांत ओतला, एक जुनी पट्ट्यापट्ट्यांची चादर दाराला आतून ठोकली आणि चहा मागितला.

तेव्हापासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं.

“दादा, आज लाथ नको.”

“का?”

“बरं नाही दिसत. मंडळ येणार.”

“मंडळ बाहेरून येणार. लाथ आतून आहे.”

“तरी पण. आणि खरवडणंही नको.”

कप्तान थक्क झाले. “तुझ्याच खोलीसाठी खरवडतोय ना मी! कालपर्यंत तू माझ्या बाजूला होतास!”

“आजही आहे. पण खरवडू नका. खाली निळाच आहे.”

“तुला काय माहीत?”

ताडपत्रीकाकाने छताकडे पाहिलं. “मन सांगतं.”

“ह्याचं मन!” कप्तान सगळ्या खोलीला म्हणाले. “ह्याच्या मनाला कनातीचं माप कधी बरोबर सांगता आलं नाही, ते आता रंग सांगतंय. फितूर आहेस तू. ठेंगीनं फोडलं तुला.”

“मी काही फोडलं नाही,” ठेंगी म्हणाली. “पण काका, या इकडे. जागा आहे.”

*

मग आत्या खाली आली आणि पारडं पुन्हा फिरलं, कारण आत्याबरोबर तिचा नवरा होता आणि नवऱ्याबरोबर त्याची पेटी होती.

आत्या कप्तानांची बहीण, याच घरात जन्मलेली, लग्न करून माडीवर राहिलेली. नवरा दातांचा डॉक्टर. दारावरचा पांढरा त्याचाच. दुसरा कोणता रंग सुचलाच नाही, असं तो म्हणे. थोरलेपण, धाकटेपण, पाटी, रस्ता यातलं काही त्याला शिवत नव्हतं. पण कोणाचं काही किडलं असेल तर तो मागे राहत नसे.

“विळा काय आणता दाराला?” दातवाले म्हणाले. “मूळ रंगाला इजा होईल. थर मी काढतो. एकेक.”

“बघा,” कप्तान म्हणाले. “शिकलेला माणूस.”

“तुम्ही कोणाच्या बाजूला?” आत्याने नवऱ्याला विचारलं.

“मी दाराच्या बाजूला.”

बाहेर पायरीवर स्टूल मांडलं गेलं. दातवाल्यांनी डोक्याला दिवा बांधला, लहानसा आरसा काढला, अणकुचीदार सळई काढली आणि दाराच्या कोपऱ्याशी वाकून, सवयीने म्हणाले, “दुखलं तर हात वर करा.”

ताडपत्रीकाकाने हात वर केला.

“तुमचं नाही, दाराचं विचारतोय.”

त्यांनी नारिंगी टोकरला. धाकटी खिडकीतून “अगं आई गं” म्हणाली. त्यांनी आणखी थोडा टोकरला, मग सळईच्या मागच्या टोकाने दारावर ठक ठक केलं. थांबले. कान लावला. पुन्हा ठक ठक. तोंड काळजीचं झालं. हे तोंड सगळ्या घराला माहीत होतं. या तोंडानंतर ते नेहमी म्हणत, आधी का नाही आलात.

“आतून पोकळ लागतंय,” ते म्हणाले.

“जुनं दार आहे,” ताडपत्रीकाका घाईने म्हणाला. “जुन्या वस्तूंचा आवाज तसाच येतो. माझ्या गुडघ्याचा येतो.”

“कीड आहे.”

“नाही!”

“अहो, वीस फूट लांबून तुम्ही कसं सांगता? एक्स-रे काढावा लागेल आतला.”

कप्तानांचा संयम मुळात लहान होता आणि तो इथे संपला. ते पायरीवरून आत आले. दातवाल्यांना स्टुलासकट बाजूला व्हायला सांगितलं, मग खोलीच्या मधोमध उभे राहून सगळ्यांना एकदाच सांगायला लागले. या आळीचा इतिहास काय, निळा रंग काय, आपल्या पणजीने पहिला हात फिरवला तेव्हापासून या दाराला नियम कसे आहेत, आणि नियम म्हणजे नियम. बाहेरून आलेल्यानेच रंग द्यायचा, आणि आता पाटीचा नियम आला तर तोही पाळायचा, म्हणजे कोणीच द्यायचा नाही.

“मग ह्याचं काय?” ठेंगी म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता. “बाबा, तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतेय. आतोबा इतकी वर्षं इथे आहेत, कोणी त्यांना जावई म्हणून वेगळं काढलं का? कारण दारावर त्यांचा पांढरा आहे. ह्याचा रंग लागला नाही तर दर भांडणात तुम्ही ह्याला म्हणणार, तू गप्प बस, तू बाहेरचा. तुम्ही म्हणाल. मी ओळखते तुम्हाला.”

कप्तान खिडकीबाहेर बघायला लागले. कारण ते म्हणाले असते.

लिफ्टवाला उठला. “काका, राहू दे. खोली वाचली पाहिजे. मी पाहुणा राहीन. चहा खरंच आधी मिळत असेल तर...”

“तू गप्प बस,” कप्तान म्हणाले, “तू बाहेर...”

वाक्य पुरं झालं नाही. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. थोरली बघत होती. आपणच आपल्या तोंडाने पकडले गेलो याचा कप्तानांना असा संताप आला की तो काढायला त्यांना एकच जागा माहीत होती.

“दादा, लाथ नको!” ताडपत्रीकाका ओरडला.

*

मंडळाच्या बाई त्या वेळी आळीच्या तोंडाशी होत्या. त्यांच्यामागे शहरातली जुनी घरं बघायला निघालेला घोळका होता. टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि दुखणारे पाय. बाईंनी त्यांना मिठाच्या गोदामांची वस्ती दाखवली होती, जिथल्या भिंतींना आजही जीभ लावली तर खारट लागतं, आणि घोळक्यातल्या एकाने लावून पाहिलं होतं. जकात अधिकाऱ्यांच्या सज्जांची गल्ली दाखवली होती, जिथले सज्जे मुद्दाम इतके पुढे काढले होते की समोरचा साहेब काय जेवतोय ते दिसावं. गवयाची दाढ दुखलेली माडी दाखवली होती.

“आणि आता,” बाई कोपरा वळत म्हणाल्या, “आपण एक असं दार बघणार आहोत, जे अजूनही पूर्णपणे जिवंत आहे.”

फाडकन आवाज झाला आणि समोरच्या नारिंगी दारातून एक पाय बाहेर आला.

गुडघ्यापर्यंत आला. पायजम्याचा, करड्या मोज्याचा. चप्पल रस्त्यावर उडाली. पायाने हवेत एकदा, दोनदा जागा शोधली आणि मग तो तसाच राहिला. अंगठा मोज्यातून बाहेर होता.

घोळका थांबला. कोणीतरी फोटो काढला.

“हे रोज असतं का?” खारट भिंत चाखलेल्या माणसाने विचारलं.

दाराशेजारी स्टूल, आणि स्टुलावर डोक्याला दिवा बांधलेला एक गृहस्थ. त्याने पायाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि बाईंना व्यावसायिक सुरात सांगितलं, “मी म्हटलं होतं कीड आहे.”

*

आत चादर फाटून लोंबत होती, कप्तान एका पायावर उभे होते आणि दोन्ही हातांनी भावाच्या खांद्याला धरून होते, म्हणून त्यांना त्याचा गळा धरता येत नव्हता.

“लाकूड कुठंय?” ते विचारत होते. “लाकूड कुठं गेलं माझ्या दाराचं?”

“कुंड्यांत,” ताडपत्रीकाका म्हणाला, आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं.

पाय ओढायला गेलं की रंगाची धारदार कड पोटरीत रुतत होती. लिफ्टवाला गुडघ्यावर बसला होता. दारात अडकलेल्या वस्तू हा त्याचा रोजचा धंदा: पदर, छत्र्या, बॅगा, एकदा तर एक तबला. त्याने खिशातून वंगणाची डबी काढली. “काका, सैल सोडा. घोटा वळवू नका. मी वंगण लावतो, मग...”

“पाय हलवू नका!” बाहेरून बाईंचा आवाज आला. “कृपा करून कोणीही पाय हलवू नका!”

बाई रस्त्यावर मांडी घालून बसल्या होत्या. भिंग काढून त्या कप्तानांच्या नडगीभोवती जे भोक पडलं होतं त्याची कड न्याहाळत होत्या. सबंध आयुष्यात त्यांनी खरवडून, घासून, परवानग्या काढून जे पाहिलं नव्हतं ते इथे एका लाथेत उघडं पडलं होतं. कडेला थरावर थर, स्वच्छ कापलेले, एकेक मोजता येईल असे.

“वाचते मी,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात वर नारिंगी.”

“माझा!” धाकटी खिडकीतून म्हणाली.

“मग पांढरा.”

“अस्मादिक,” दातवाले म्हणाले.

“मग हिरवा.”

“बघा, जाड आहे ना?” थोरलीने विचारलं. ती आता मागच्या दाराने बाहेर येऊन बाईंच्या शेजारी उकिडवी बसली होती. “नीट बघा हं. ह्या घरात इतका जाड हात कोणाचा नव्हता.”

“हो, म्हणजे...” बाईंनी भिंग जवळ नेलं. “हा एक नाही. हिरवा, मग गुलाबी, मग पुन्हा हिरवा. हिरव्याचे दोन थर आहेत आणि मधे एक गुलाबी, अगदी पातळ. कंजूष हाताने दिल्यासारखा.”

थोरली भोकाच्या आणखी जवळ सरकली.

“गुलाबी कोणाचा?” थोरली म्हणाली. “माझ्या आधी सासूबाईंचा तपकिरी. माझ्यानंतर पांढरा. मधे कोण आलं?”

दातवाल्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, “मी तेव्हा दुसऱ्या शहरात होते, माझ्याकडे काय बघता!” मग सगळ्यांच्या लक्षात आलं की करड्या मोज्यातला अंगठा आखडला आहे.

“अहो?” थोरलीने पायाला विचारलं.

दाराच्या आतून, खाकरून, कप्तानांचा आवाज आला. इतका हळू की त्यांचा आहे हे पटेना.

“तू बाळंतपणाला माहेरी गेली होतीस तेव्हा. बंदरात एका हौशी होडीच्या रंगाचा डबा उरला होता.”

“तुम्ही? पण तुम्ही तर ह्याच घरात जन्मलात!”

“तेच ना,” दार म्हणालं. “आई आली, तिनं दिला. तू आलीस, तू दिलास. मी इथेच जन्मलो म्हणून मला कोणी विचारलंच नाही, तुला कोणता आवडतो. वाटलं, आपलाही एक असावा. दिला. मग वाळत आला आणि भीती वाटली. तू काय म्हणशील, आई काय म्हणेल, नियम काय म्हणेल. म्हणून दुसऱ्या दिवशी तुझाच हिरवा आणून वर फासला.”

थोरलीने भोकातल्या गुलाबी रेघेवरून बोट फिरवलं.

“म्हणजे तीस वर्षं,” ती म्हणाली, “मी तुमच्या हाताची फुशारकी मारत होते.”

“अर्धीच.”

“नियम म्हणजे नियम, असं कोण म्हणत होतं मघाशी?”

“अगं, पायाला कळ लागलीय.”

“लागू दे.” पण तिचे खांदे हलायला लागले होते. तिने तोंडाला पदर लावला, आणि मग तिला आवरेना. ती रस्त्यावर बसून हसत होती. तिच्यामुळे आत्या, आत्यामुळे धाकटी. शेवटी दाराच्या आतून ताडपत्रीकाकाही सुटकेने हसला. तेव्हा त्याच्या खांद्यावरची पकड घट्ट झाली आणि तो थांबला.

“पुढे वाचा, बाई,” थोरली डोळे पुसत म्हणाली.

“तपकिरी. लाल. करडा. आणि...” बाईंनी श्वास रोखला. “निळा.”

घोळक्याने टाळ्या वाजवल्या. कप्तानांनी पाय जरा हलवून त्या स्वीकारल्या.

*

पाय वंगणाने निघाला. पायजमा मात्र मागे राहिला. त्याबद्दल या घरात पुढे कोणी बोलायचं नाही असं ठरलं आणि ते कोणीही पाळलं नाही.

बाई आत येऊन खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा उजळला होता, पण नियम त्यांनाही होते. पाटी मिळेल, त्या म्हणाल्या. रस्ता वळेल. दार आहे तसंच राहील. मागून नव्या फळ्यांचा आधार द्यायला हरकत नाही. पण रंग नाही. समोरच्या बाजूला ब्रशही टेकवायचा नाही.

ताडपत्रीकाका मशीनवर हात ठेवून बसला आणि त्याला बरं वाटलं. मग त्याने ठेंगीकडे पाहिलं आणि बरं वाटेनासं झालं. ती जिन्याखाली पिवळ्या डब्यावर बसली होती. उशीवर बसते तशी, ताठ, पाय न टेकता.

“समोरच्या बाजूला,” थोरली सावकाश म्हणाली.

“हो,” बाई म्हणाल्या.

“आणि आतल्या?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. आत आजवर कोणी रंग दिलाच नव्हता; बाहेरून आलेली माणसं बाहेरूनच देत आली होती. आत आधी लाकूड होतं, मग ताडपत्री, मग चादर. “आतल्या बाजूबद्दल,” बाई म्हणाल्या, “आमच्या मंडळाचं काहीच म्हणणं नाही. तळाचा निळा थोडा उघडा ठेवलात तर मी त्या बाजूला बघणारही नाही.”

“भोक तसंच ठेवू,” लिफ्टवाला म्हणाला. “माझ्याकडे जुन्या लिफ्टच्या दाराची गोल काच आहे. बसवली की थर दिसतील. फळ्या मी आजच ठोकतो. म्हणजे... चालणार असेल तर.”

हे तो कप्तानांना विचारत होता. सगळी खोली कप्तानांकडे बघायला लागली. कंबरेला पट्ट्यापट्ट्यांची चादर गुंडाळून, पाय स्टुलावर ठेवून बसलेल्या माणसाला जितका दरारा ठेवता येतो तितका त्यांनी ठेवला.

“डबा कुठंय?” ते म्हणाले.

ठेंगी डब्यावरून उतरली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या आत नव्या फळ्या उभ्या होत्या, गुडघ्याच्या उंचीवर गोल काच होती, आणि काचेतून रस्त्यावरची मांजरं, चपला आणि वाकून बघणारे शेजारी दिसत होते. गवयाची दाढ विसरून शेजारी तिसऱ्यांदा वाकले होते.

लग्नाआधी वाळायला हवा म्हणून लिफ्टवाल्याने लगेच पिवळा द्यायला सुरुवात केली. तो वरून खाली, न गळता, लिफ्टच्या चालीने देत होता. ठेंगी खालचा भाग देणार होती कारण तिला तोच पोहोचत होता. दातवाले म्हणाले, दोन हात लागतील. धाकटी म्हणाली, पिवळा नारिंगीच्या जवळचाच आहे म्हणा.

कप्तान मागे उभे राहून सूचना करत होते. डावीकडे राहिलं. उजवीकडे घट्ट झालं. ब्रश असा नाही, असा. लिफ्टवाल्याने थोडा वेळ ऐकलं, मग मागे वळून ब्रश त्यांच्यापुढे धरला.

“बाबा, एक हात तुम्हीपण मारा.”

काका नाही, बाबा. कप्तानांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

“माझा झालाय.”

“तो चोरून दिलेला.”

कप्तानांनी ब्रश घेतला. दाराकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात, कोणाच्या नजरेत येऊ नये इतक्या खाली, एक लहानसा फराटा ओढला.

थोरली मागून चहाचे कप घेऊन आली होती. तिने पहिला कप लिफ्टवाल्याला न देता खाली ठेवला आणि कप्तानांच्या खांद्यावरून वाकून फराटा बघितला.

“जाड द्या जरा,” ती म्हणाली.